मामाची माणसं बाबांच्या पोटात

बाबांच्या पोटात मामाची माणसं राहायला आली, त्याला या महिन्यात तीन वर्षं झाली. माणसं म्हणजे जंतू. पण मामासमोर जंतू म्हटलेलं चालत नाही आणि हल्ली बाबांसमोरही चालत नाही, म्हणून आमच्या घरात सगळे माणसंच म्हणतात.

बाबांचं चष्म्यांचं दुकान आहे. मी तिथे लोकांचे डोळे तपासते, बाबा काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. काचेवर बोटाचा ठसा दिसला की त्यांचा जीव वरखाली होतो. दुकानात फडकी सात प्रकारची, आणि त्यांतलं कुठलं कशासाठी हे फक्त त्यांनाच ठाऊक. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ते कोपरापर्यंत हात धुतात. घरीही तेच. लहानपणी मी शाळेतून आले की आधी माझं दप्तर पुसलं जायचं, मग मी.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. त्याची गावाबाहेर रोपवाटिका आहे. त्याच्या नखांत कायम माती असते आणि ती काढावी असं त्याला कधी वाटलेलं नाही. चौदा वर्षांपूर्वी तो आमच्याकडे जेवायला आला होता. पिशवीतून त्याने स्वतः लावलेलं गाजर काढलं, पँटला पुसलं, मधोमध मोडलं आणि अर्धं बाबांच्या हातात दिलं. बाबा ते घेऊन मोरीत गेले आणि त्यांनी ते भांड्यांच्या साबणाने धुतलं. दोनदा. मामा दारात उभा राहून बघत होता. 

"जावईबापू," तो म्हणाला, "माझ्या हातचं पुन्हा कधी तुमच्या पोटात जाणार नाही, याची काळजी मी घेतो." 

आणि चप्पल घालून निघून गेला. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आई महिन्यातून एकदा रोपवाटिकेवर जाऊन यायची आणि घरात शिरण्याआधी बाबा तिला चपला बाहेर काढायला लावायचे.

मग बाबांचं सायनस सुरू झालं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, त्याने बरं वाटलं. पुन्हा झालं, पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा डॉक्टर नको म्हणाले तर बाबांनी दुसरा डॉक्टर गाठला. चौथ्यांदा त्यांना काहीच झालं नव्हतं, पण होऊ नये म्हणून त्यांनी उरलेल्या गोळ्या संपवून टाकल्या. "आतून एकदा स्वच्छ झालेलं बरं," असं त्यांचं म्हणणं.

ते आतून इतके स्वच्छ झाले की दिवसातून पंधरा वेळा संडासला पळू लागले. औषधाने थांबायचं, औषध संपलं की दोन आठवड्यांत परत सुरू. असं तीनदा झालं. पँट कमरेवर राहिना. आणि वर अंगावर पित्त उठायला लागलं. आधी साबणाने उठलं, तेव्हा साबण बदलला. मग फ्रेमच्या धातूने उठलं, वर्तमानपत्राच्या शाईने उठलं. एकदा एक गिऱ्हाईक दुकानात नुसतं शिंकलं आणि बाबांच्या दोन्ही कानांच्या पाळ्या टोमॅटोसारख्या झाल्या. शेवटी शेवटी त्यांना आमच्या सोफ्याचंही वावडं झालं आणि ते स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या स्टुलावर बसून राहू लागले.

पोटाच्या डॉक्टरीणबाई उंच होत्या आणि बोलताना टेबलावरचा पेपरवेट फिरवायच्या. त्यांनी बाबांना विचारलं, "शरीराची राखण करणारं सैन्य कुठे असतं, सांगा बघू?"

"रक्तात," बाबा म्हणाले.

"रक्तात थोडं. निम्म्याहून जास्त आतड्याच्या भिंतीला टेकून बसलेलं असतं. कारण बाहेरचं जग तिथूनच आत येतं, रोज, ताटातून. आता कोणावर धावून जायचं आणि कोणाला सोडून द्यायचं, हे त्या सैन्याला जन्मतः कळत नाही. शिकवावं लागतं. आतड्यातले जंतू शिकवतात. तुमच्या जेवणातला चोथा खाऊन ते जे काही तयार करतात, त्याने हे शिपाई शांतही राहतात."

"जंतू शिकवतात?" बाबांनी रुमाल काढला.

"हो. ते मास्तर. तुम्ही चार वेळा औषध घेऊन सगळे मास्तर हाकलून दिलेत. मोकळ्या झालेल्या शाळेत एक गुंड येऊन बसलाय, त्याने तुम्हाला जुलाब होतात. आणि तुमच्या शिपायांना कोणी आवरायलाच नाही, म्हणून ते शाईवरसुद्धा धावून जातात, अशी मला शंका आहे. पित्ताचं मी खात्रीने सांगत नाही. जुलाबाचं मात्र सांगते."

"मग उपाय?"

"दुसऱ्या कोणाचे तरी मास्तर आणायचे. निरोगी माणसाचा मल तपासून, गाळून, नळीने तुमच्या आतड्यात सोडायचा."

बाबांनी पेपरवेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग ते अत्यंत सभ्यपणे खुर्चीवरून घसरले. त्यांना शुद्धीवर आणायला नर्सने पाणी शिंपडलं, तर त्याचंही पित्त उठलं.

तयार होईपर्यंत त्यांनी आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत आणखी चार किलो उतरले. मग दाता शोधणं आलं. मी नापास झाले, कारण दोन महिन्यांपूर्वी कान दुखला म्हणून अँटिबायोटिक घेतलं होतं. आई तिच्या गोळ्यांमुळे नापास. काकांनी अर्जाची चार पानं वाचली आणि आपण सध्या परगावी असल्याचं घरूनच फोनवर सांगितलं. मागून त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"अहो, एकच माणूस उरलाय," आई म्हणाली. 

"नाही," बाबा स्टुलावरून म्हणाले. 

"बारा वर्षांत साधी सर्दी नाही त्याला." 

"मी मरेन." 

"तेच तर म्हणतेय मी. मरण्यापेक्षा दादाचं काय चुकलं असेल ते पोटात घाला आता." 

तिला यात विनोद दिसला नाही. मला दिसला, म्हणून मी आत गेले.

मामाला विचारायला मीच गेले. तो कुंड्यांत खत भरत होता. मी सगळं सांगितलं. त्याने हातातली खुरपी खाली ठेवली आणि हात पँटला पुसले. 

"साबणाने धुणार नाहीत ना?" 

"नाही मामा." 

"लिहून हवंय मला." 

बाबांनी लिहून दिलं. तो कागद मामाच्या रोपवाटिकेतल्या टपरीत अजून खिळ्याला टांगलेला आहे: 'मिळेल ते न धुता स्वीकारीन', खाली सही.

मामाच्या रक्ताच्या, मलाच्या, सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई अहवाल घेऊन स्वतः बाहेर आल्या. "इतक्या जातींचे जंतू एका माणसात मी क्वचितच पाहिलेत," त्या म्हणाल्या. "हे पोट नाही, जंगल आहे." मामाने ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि आईकडे असं बघितलं, जसं एखादा मुलगा प्रगतीपुस्तक दाखवून बघतो.

ठरलेल्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून दवाखान्यात आला. नखं तशीच. बंद डबा त्याने नर्सच्या हाती दोन्ही हातांनी दिला आणि म्हणाला, "जपून. प्रवासाची सवय नाही त्यांना."

आठवड्याभरात बाबांचे जुलाब थांबले. महिन्याने वजन वाढू लागलं. दोन महिन्यांनी ते सोफ्यावर बसले, आधी कडेला, मग मागे टेकून. पित्तही हळूहळू कमी झालं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बजावलं की पित्ताचं श्रेय त्या छातीठोकपणे कोणाला देणार नाहीत. मामाने ते स्वतःकडे घेऊन टाकलं.

बाबांनी एका रविवारी दुपारी चारला त्याला चहाला बोलावलं. अकरा वर्षांनी. अवघडलेपणाने दोघं समोरासमोर बसले. बाबा म्हणाले, "तुमचे उपकार झाले."

"उपकार कसले," मामा म्हणाला. मग पुढे वाकला. "कसे आहेत सगळे?"

"आम्ही बरे आहोत."

"तुम्ही नाही हो. ते." त्याने बाबांच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बोट दाखवलं. "रुळले का?"

बाबांनी ते बटण चाचपलं. "तक्रार नाही काही."

"नसणारच. साधी आहेत माणसं. खायला काय घालता त्यांना?"

आईने सांगितलं: मऊ भात, टोस्ट, उकडलेला बटाटा. मामाचा चेहरा पडला. तो उठून गेला आणि तासाभराने पोतंभर मुळे, शेंगा, पालेभाज्या आणि कांदे घेऊन परत आला. "चोथा लागतो त्यांना," तो आईला रागावून म्हणाला. "माझ्याकडे कसे वाढले होते ते! आणि इथे त्यांना टोस्टवर ठेवलंय. जावईबापू, ही काय पद्धत झाली?"

डॉक्टरीणबाईंनीही चोथ्याचंच सांगितलं असल्याने बाबांना मुळे गिळावे लागले.

तेव्हापासून दर रविवारी चारला मामा यायचा. घडीची खुर्ची सोबत आणायचा. बाबांना सोफ्यावर आडवं करून पोटाला कान लावायचा आणि निदान करायचा. "आज जरा उदास वाटतात. परवा लग्नात गोड फार खाल्लंत का?" बाबांनी खाल्लेलं असायचं. मग तो पोटाला रोपवाटिकेच्या बातम्या सांगायचा. पंप बिघडला, गुलाबाला कळ्या धरल्या, शेजारच्याचा कुत्रा वाफ्यात लोळून गेला. बाबा छताकडे बघत पडून राहायचे. सुरुवातीला त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं की सोडव. मी दोनदा सोडवायला गेले, पण मामाने ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं.

बाबांचं मत हळूहळू बदललं, आणि त्याचं कारण तत्त्वाचं नव्हतं, सोयीचं होतं. काकांच्या घरी जायचं जिवावर आलं की ते पोटावर हात ठेवून म्हणायचे, "मला काही नाही, पण त्यांना नकोय." आईचा भाऊच मध्ये असल्याने आईला पुढे बोलता येत नसे. एकदा दुकानात एक गिऱ्हाईक तिसऱ्यांदा फ्रेम बदलून मागत होतं, तेव्हाही ते हेच म्हणाले. गिऱ्हाईक इतकं गोंधळलं की पहिलीच फ्रेम घेऊन गेलं.

मोठं भांडण झालं ते दाढेवरून. बाबांची दाढ सुजली. दाताच्या डॉक्टरांनी दोन पर्याय दिले: दाढ वाचवायची तर उपचार लांबतील आणि आधी अँटिबायोटिक घ्यावं लागेल, नाहीतर सरळ काढून टाकायची. बाबा चिठ्ठी घेऊन दुकानात आले. आईने फोनवर भावाला सांगितलं असणार, कारण वीस मिनिटांत मामा दुकानात हजर. चिखलाचे बूट घालून तो तडक माझ्या तपासणीच्या खुर्चीत बसला.

"मी इथून उठणार नाही."

"मामा, गिऱ्हाइकं आहेत."

"असू देत. त्यांनाही कळू दे. जावईबापू, माझ्या माणसांवर तुम्ही औषध टाकणार?"

बाबा काउंटरमागून ताडकन उभे राहिले. "तुमची माणसं? राहतात कोणाच्या पोटात?"

"राहतात म्हणून तुमची झाली काय? वाढवली कोणी?"

"गेलं वर्षभर मुळे कोण खातंय? आवडीने खातोय का मी? ढेकर कोणाला येतात?"

"एका गोळीत किती जातील, माहितेय? तुम्ही मोजू शकणार नाही इतकी! बायकापोरांसकट!"

एक म्हातारे गृहस्थ वाचायचा चष्मा न्यायला आले होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "कुठे झालं हे?" मी म्हणाले, "घरातच." त्यांनी मान हलवली आणि तोंडातून चुकचुक केलं.

शेवटी मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्या म्हणाल्या की बाबांचा इतिहास बघता अँटिबायोटिक टाळता आलं तर टाळलेलंच बरं. जुनं दुखणं उलटू शकतं. दाताच्या डॉक्टरांशी बोलून घेते. ते दोघं बोलले. दाढ काढून टाकली तर गोळ्यांवाचून भागेल, असं ठरलं.

बाबांनी जिभेने दाढ चाचपली. चांगली दाढ होती, चाळीस वर्षांची सोबत. 

"काढा म्हणावं," ते म्हणाले.

मामा खुर्चीतून उठला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याऐवजी त्याने समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचली. शेवटची ओळ चुकला. बाबांनी त्याचा नंबर काढून त्याला चष्मा करून दिला.

मागच्या वर्षी मामाच्या पायात तार घुसली. त्याने माती चोपडली आणि काम चालू ठेवलं. पाचव्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला आणि त्याला दवाखान्यात घालावं लागलं. दहा दिवस शिरेतून अँटिबायोटिक. दुसरा इलाजच नव्हता. त्याचा पाय वाचला, पण तापातून शुद्धीवर आल्यावर त्याने पायाबद्दल विचारलंच नाही. सलाइनच्या बाटलीकडे बघून म्हणाला, "सगळे गेले असतील, नाही?"

बाबांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंसमोर बसून त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "मी परत द्यायला आलोय."

"काय परत द्यायला?"

"त्यांचे मास्तर. माल त्यांचाच आहे, मी फक्त सांभाळला."

डॉक्टरीणबाईंचा पेपरवेट थांबला. "त्यांना सध्या कशाचीच गरज नाही. जुलाब नाहीत, काही नाही. बहुतेक लोकांचं पोट आपापलं सावरतं. काही मास्तर उरलेले असतात, काही जेवणातून नव्याने येतात. आणि गरज लागली तरी तुम्ही दाता म्हणून चालणार नाही. तुमचा आजार, तुमचं वय, रक्तदाबाच्या गोळ्या."

"पण आतले तर तेच आहेत!"

"आतले तेच असतील. बाहेरचे तुम्ही आहात."

बाबांना हे फार लागलं. रस्त्यात ते दोनदा थांबले. "बाहेरचे म्हणजे काय?" त्यांनी मला विचारलं.

मामा बरा होऊन घरी गेला, पण रविवारी आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. चार वाजले की बाबा सोफ्यावर आडवे व्हायचे, साडेचारला उठून बसायचे. तिसऱ्या रविवारी त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चल."

ते पहिल्यांदाच रोपवाटिकेत पाऊल टाकत होते. मामा टपरीबाहेर उलट्या कुंडीवर बसला होता. बारीक झाला होता. 

"या," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाई म्हणतात पोट भरून येईल, पण पूर्वी होतं हुबेहूब तसं सांगता येत नाही. म्हणजे आता मी कोण, ते मलाच ठाऊक नाही. काल गाजर खाल्लं, गोड लागलं नाही."

बाबांनी एक कुंडी उलटी केली, फडकं न शोधता तिच्यावर बसले आणि शर्टाची बटणं काढली. मामाने थोडा वेळ नाही नाही केलं. मग पुढे वाकून कान लावला. त्याचे डोळे त्यांच्यामुळे भरून आले होते की खताच्या वाफेने, मला ठरवता आलं नाही.

"आहेत," तो म्हणाला.

"सगळे आहेत," बाबा म्हणाले. "मी कुठे जाऊ देतो त्यांना."

तेव्हापासून सगळं उलटं झालंय. मामा आता स्वतःच्या मनाने काहीच करत नाही. जुन्या लोकांचं मत घेतो, आणि जुने लोक बाबांकडे राहतात. "विचारा त्यांना, या वेळी शेंगा लावू का फुलं?" बाबा डोळे मिटतात, पोटावर हात ठेवतात आणि काहीतरी ठोकून देतात. त्यांना शेतीतलं ओ की ठो कळत नाही. आई म्हणते, अहो, निदान पुस्तक तरी वाचा. बाबा म्हणतात, "मी थोडाच सांगतोय?"

या उन्हाळ्याच्या तोंडावर मामाने विचारलं की गुलाबाची रोपं सावलीत हलवू का. बाबांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटले. आतून खरंच गुरगुर झाली, मी ऐकली. 

"राहू द्या उन्हात," ते म्हणाले.

दोनशे चाळीस रोपं पंधरा दिवसांत करपली. बाबा तोंड लपवत होते. आईने मामाला फोन केला, म्हणाली, "दादा, ते मनाला लावून बसलेत, तू काहीतरी बोल." मामा रविवारी चारला खुर्ची घेऊन आला. तो बराच वेळ बाबांच्या पोटाशी कान लावून बसला, मग हलकेच थोपटत म्हणाला, "असू दे रे. गुलाबातलं तुम्हाला आधीपासूनच कळत नव्हतं."

बाबांनी दुखावून मान वर केली. "कोणाला, मला की त्यांना?"

"शू," मामा म्हणाला, "ते बोलतायत."